तापाची रजा

शाळेच्या कपाटात ज्या अनेक नोंदवह्या वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात, त्यांत हजेरीपटाइतकी बोलकी वही दुसरी नसेल, हे माझे मत नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत शालेय आरोग्य तपासणीचे काम करीत असताना हळूहळू बनत गेले. आणि आता ते इतके पक्के झाले आहे की, एखाद्या गावात फ्लूची साथ शिरली आहे किंवा नाही याचा अदमास घ्यायचा असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील बाह्यरुग्णांच्या आकड्यांकडे वळण्यापूर्वी मी मुख्याध्यापकांकडे हजेरीपट मागतो. दवाखान्याच्या नोंदीत मनुष्य येतो तो दुखणे असह्य झाल्यावर, एक दिवसाचा रोज बुडवून आणि एसटीचे भाडे खर्चून. शाळेच्या नोंदीत मात्र दुखण्याची पहिली खूण त्याच दिवशी उमटते, कारण लेकरू आले नाही की गुरुजींना त्याच्या नावापुढे काही ना काही लिहावेच लागते. तिसरीच्या वर्गात सोमवारी दोन नावांपुढे गैरहजेरीची खूण असावी, बुधवारी ती पाचांपुढे जावी, आणि त्या पाचांची धाकटी-थोरली भावंडे शुक्रवारी पहिलीतून आणि पाचवीतून नाहीशी व्हावीत, एवढा तपशील समोर आला म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसण्याचे कारण उरत नाही. या रोगाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो. वर्गातून घरात आणि घरातून दुसऱ्या वर्गात झालेला त्याचा प्रवास त्या वहीत तारीखवार टिपलेला असतो.

तथापि हीच वही निम्मे सत्य झाकूनही ठेवते, आणि माझ्या सबंध नोकरीत मला अधिक अस्वस्थ केले ते या झाकलेल्या निम्म्याने. गैरहजर मुलांची चिंता करावी, पण त्याहून अधिक चिंता करावी ती अंगात ताप असूनही हजर असलेल्या मुलांची. मुखेड तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवर तपासणीसाठी बसलो असता तिथल्या बाईंनी सहज बोलून दाखविले की, “सर, आमच्या लेकरांना ताप बहुतेक जेवणाच्या सुट्टीतच चढतो.” ही गोष्ट त्यांनी पुष्कळ दिवस पाहिली होती. तिचे कारण असे की, सकाळी सातला घरी पॅरासिटामॉलची गोळी दिलेली असते, तिचा अंमल चार ते सहा तास चालतो, आणि खिचडीची पंगत बसण्याच्या सुमारास तो ओसरतो. तोवर ते लेकरू तीन-चार तास एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले असते, शेजारणीच्या पाटीवर वाकून शिंकलेले असते, हातपंपाच्या दांड्याला हात लावून आलेले असते. फ्लूचा रोगी ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू बाहेर टाकतो, आणि लहान मुले तर त्याहूनही अधिक काळ टाकतात, हे ज्ञान वैद्यकाला जुने आहे. परंतु ते सकाळच्या त्या गोळीपाशी येऊन निष्प्रभ होते.

त्या दिवशी मी ज्या मुलीच्या काखेत थर्मामीटर ठेवला ती दुसरीत शिकत होती. पारा १०२ अंशांपर्यंत चढला होता; डोळे पाणावलेले, ओठ सुकलेले, आणि तरीही तिने हातातली ताटली सोडली नव्हती. घरी का नाही राहिलीस, असे विचारता तिने मान खाली घातली, आणि उत्तर दिले ते तिच्या थोरल्या बहिणीने : “घरी कुणी नाय. आई-बाबा कारखान्यावर गेलेत. आजीला चूल पेटवणं व्हत नाय.” दसरा-दिवाळी उलटली की या तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची रवानगी होते, आणि मागे उरतात ती म्हातारी माणसे व त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. अशा घरात शाळेतल्या खिचडीचे स्थान दिवसाच्या मुख्य जेवणाचे असते. ती मुलगी शिकण्यासाठी आली नव्हती, जेवण्यासाठी आली होती. आणि तिला घरी पाठविणे म्हणजे उपाशी ठेवणे, हे ध्यानात न घेता “तापाच्या मुलांना शाळेत पाठवू नये” असे परिपत्रक आपण कितीही वेळा काढले, तरी त्याची अंमलबजावणी होणे नाही.

बाईंनी तिथल्या तिथे जो तोडगा काढला तो मी पुढे जिथे जिथे गेलो तिथे सांगत राहिलो. त्यांनी बहिणीच्या हाती झाकणाच्या डब्यात दोघींची खिचडी दिली, आजीसाठी पळीभर अधिक वाढली, हजेरीपटात त्या मुलीच्या नावापुढे लाल शाईने ‘ता’ असे अक्षर लिहिले, आणि ताप पूर्ण उतरून गोळीवाचून एक अख्खा दिवस गेल्याखेरीज तिला परत पाठवू नका असा निरोप दिला. आशाताईंना संध्याकाळी त्या घरी डोकावण्यास सांगितले. त्या आजीकडे लक्ष देणे हे नातीकडे लक्ष देण्याइतकेच अगत्याचे होते. शाळकरी मुलाला तीन दिवस झोपवून सोडून देणारा फ्लू साठी-पासष्टी उलटलेल्या, दम्याने किंवा मधुमेहाने जर्जर झालेल्या देहात शिरला म्हणजे न्यूमोनियाचे रूप घेऊ शकतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात तर मूल आणि म्हातारा देह या दोहोंत तिसरे कोणी नसते.

आमच्या मुलखात हा रोग वर्षातून दोनदा डोके वर काढतो : एकदा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान, जेव्हा शाळा नुकत्याच भरलेल्या असतात, पोळा, गणपती आणि महालक्ष्म्यांसाठी पाहुणे येत-जात असतात, आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये, जेव्हा थंडीमुळे वर्गाच्या खिडक्या बंद असतात आणि परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. या दोन लाटांच्या मध्येही गर्दीचे दिवस येतात : मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते. त्याच महिन्याच्या अमावास्येला येळवस येते, आणि लातूरकडे सारे गाव शेतात लोटते, भज्जी आणि आंबिलाच्या पंगती उठतात. येळवशीला आजारी माणसाने शेतात जाऊ नये असे मी कधी सांगितले नाही आणि सांगणारही नाही, कारण मोकळ्या रानातल्या वाऱ्यात बसलेल्या माणसाला बंद खोलीत बसलेल्यापेक्षा धोका पुष्कळच कमी. फक्त आंबिलाचा तांब्या प्रत्येकाचा निराळा असावा आणि तापातल्या लेकराने आजोबांच्या मांडीवर बसू नये, एवढेच मागणे असते, आणि ते ऐकले जाते.

साथीची भीती लोकांना नाही असे कोणी समजू नये. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला, तो या रोगाचा देशातला पहिला बळी. आणि त्या बातमीनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे गावोगावी जी घबराट पसरली ती आजही मला स्पष्ट आठवते. पुण्या-मुंबईच्या शाळा बंद झाल्या. तेव्हा घशातले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवावे लागत, आणि अहवाल येईपर्यंत रोगी एक तर बरा झालेला असे किंवा हाताबाहेर गेलेला असे. मुलांच्या गळ्यांत कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या लटकू लागल्या. पुरचुंडीने विषाणू अडत नाही. आणि लहान मुलाने कापराची वडी गिळली तर झटके येऊन जीव जाण्याचा संभव असतो, म्हणून मी आयांना विनवून त्या काढावयास लावीत असे. पण त्या पुरचुंडीमागची माया मला दिसत होती. ज्या आईने ती पुरचुंडी शिवली, तिला दुसरे काही करण्याजोगे कोणी दाखवून दिलेले नव्हते.

आणि मराठवाड्याच्या स्मृतीत तर या रोगाचा एक फार जुना घाव आहे. १९१८ साली जून महिन्यात मुंबईत उतरलेली साथ शरद ऋतूत दुसऱ्यांदा उसळली आणि खेडोपाडी पसरली. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. त्या वर्षी पाऊसही बुडाला होता. नांदेड-लातूरचा मुलूख त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होता, आणि हैदराबाद संस्थानाची जी लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारीत सुमारे १ कोटी ३४ लाख भरली होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २५ लाखांच्या आसपास आली. दुष्काळ, प्लेग आणि ही साथ या तिघांनी मिळून केलेला तो संहार होता. खानेसुमारीच्या त्या दोन रकान्यांमधले अंतर मी कधीकधी शिक्षकांच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहीत असे. सभागृहात बसलेल्यांपैकी एखाद्याच्या घरात पणजोबांच्या किती भावंडांना एका पंधरवड्यात पोहोचवावे लागले याची कथा हमखास निघे.

लातूरला आल्यावर मला या हजेरीच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. इथे भूक हे कारण नव्हते. दहावी-बारावीच्या निकालांनी या शहराला जे नाव मिळवून दिले, त्या नावामागे नांदेड, परभणी, हिंगोली आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो मुले-मुली येऊन राहतात. एका खोलीत चार खाटा, चार पेट्या, भिंतीवर सूत्रांचे तक्ते, आणि डासांसाठी व थंडीसाठी घट्ट लावून घेतलेली एकुलती एक खिडकी. अशाच एका खोलीत देगलूरकडचा एक मुलगा मला पांघरुणात बसून प्रश्नपत्रिका सोडविताना आढळला. तीन दिवस ताप, खोकल्याने बरगड्या दुखत होत्या, आणि शेजारच्या दोन खाटांवरची मुलेही कण्हत होती. गावी का गेला नाहीस, असे विचारले तर म्हणाला, “सर, रविवारची टेस्ट बुडली की रँक जाती. आन् घरी सांगितलं तर आई रडती.” त्याच्या वडिलांनी दोन एकर कोरडवाहू जमिनीवर कर्ज काढून त्याला तिथे ठेवले होते. त्या मुलाला दोष देणे मला शक्य नव्हते. ज्या व्यवस्थेत ताप आलेल्या मुलाची चाचणी पुन्हा घेण्याची सोय नाही, ती व्यवस्था त्याला ताप घेऊन वर्गात बसावयास भाग पाडते, आणि त्या वर्गात तर शंभर-दीडशे मुले एका छताखाली असतात. वसतिगृहाच्या रेक्टरांशी मी बोललो. भला माणूस होता. त्याने एक खोली आजाऱ्यांसाठी रिकामी करून दिली, मेसमधून त्यांचे ताट दाराशी पोहोचविण्याची व्यवस्था केली, आणि क्लासच्या चालकांकडे स्वतः जाऊन, डॉक्टरांचा दाखला आणणाऱ्याची चाचणी आठवड्याने घेण्याचे कबूल करून घेतले. त्यानंतर मुले ताप लपवीनाशी झाली. लपविणे थांबले की निम्मे काम झाले असे मी समजतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरने जे पाहिले ते सगळ्या देशाने पाहिले. मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी १२ एप्रिलला आली, दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. तिला जलदूत असे नाव दिले गेले होते. त्याआधीच्या साऱ्या हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या फ्लूच्या दिवसांत, शाळांमधून “साबणाने वीस सेकंद हात धुवा” असे सांगावयास उभे राहिलो म्हणजे शब्द घशात अडकत. आठ-दहा दिवसांनी टँकर येणाऱ्या वस्तीतल्या मुलाला नळ सोडून हात धुण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? तेव्हा एका शाळेतल्या गुरुजींनी प्लास्टिकच्या जुन्या कॅनला खिळ्याने भोक पाडून, त्यात बोरूची काडी खोचून, ती काढली की पाण्याची बारीक धार पडेल अशी योजना केली. साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून शेजारी टांगली. आधी हात ओले करावयाचे, काडी लावून धार बंद करावयाची, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली साबण चोळावयाचा, मग पुन्हा धार. पेलाभर पाण्यात दोन्ही हात स्वच्छ होत. खाली पडलेले पाणी कडुनिंबाच्या रोपाला जाई. पाणी मुबलक झाल्यावरही त्या शाळेने तो कॅन काढला नाही, याचा मला फार आनंद वाटला.

खिडक्यांविषयी मात्र मला सर्वांत अधिक झगडावे लागले. मुलांना गार वारा लागेल, या काळजीने गुरुजी आणि बाई हिवाळ्यात वर्ग बंद करून घेतात. वाऱ्याने फ्लू होत नाही. कोंडलेल्या हवेत तो फैलावतो. स्वेटर घाला, कानटोपी घाला, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, आणि ऊन चढल्यावर वर्ग झाडाखाली न्या, हे सांगण्यास खर्च काहीच येत नाही, आणि तरी ते पटविण्यास वर्षे जातात.

आयांना मी एकच कसब मन लावून शिकवीत आलो, ते म्हणजे श्वास मोजण्याचे. ताप किती हे विचारण्याची सवय सर्वांना आहे. श्वास किती हे कोणी विचारीत नाही. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, त्याचा सदरा वर करावा, पोटावर नजर ठेवावी आणि घड्याळाचा काटा पुरा एक मिनिट फिरेपर्यंत मोजावे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास पन्नास किंवा अधिक भरले, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक भरले, तर घरी थांबू नये. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी घेईनासे झाले असेल, सारखे गुंगीत असेल, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा जोराने भरला असेल, तर रात्र असली तरी निघावे : नांदेडकरांनी विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयाकडे, लातूरकरांनी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे, आणि दूरच्यांनी १०८ ला दूरध्वनी करून. पोट उडू लागले म्हणजे अजूनही कुठे कुठे “डबा झाला” म्हणून पोटावर बिब्बा घालतात; तो डाग मी पुष्कळ मुलांच्या अंगावर पाहिला आहे, आणि प्रत्येक डागामागे रुग्णालयात पोहोचण्यास झालेला एक-दोन दिवसांचा उशीर असतो. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केले तर त्याचा गुण सर्वाधिक येतो, म्हणून हा उशीर जीवघेणा. उलट साध्या तापात ते औषध बहुतेक मुलांना लागत नाही. सुई, सलाईन आणि प्रतिजैविके तर विषाणूवर काहीच करीत नाहीत, आणि मुलांना ॲस्पिरिन कदापि देऊ नये. विश्रांती, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, पेज, ताक, पाणी, आणि लक्ष ठेवणारा एक माणूस, एवढे पुरते.

तो एक माणूस मिळणे हेच कठीण असते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने तीन दिवस लेकरापाशी बसावयाचे तर त्या तीन दिवसांचा रोज जातो, आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. म्हणून ती सुई मागते. तिला लेकरू उद्याच्या उद्या उभे राहिलेले हवे असते. दुर्बल घटकांतील मुलींसाठी १९९२ साली सुरू झालेला दिवसाला एक रुपयाचा उपस्थिती भत्ताही हजेरीशी जोडलेला, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात शंभर टक्के हजेरीचे बक्षीस तेही हजेरीशी जोडलेले. मुलींना शाळेत आणण्यासाठी हे उपाय योजले गेले, त्यांनी मोठे काम केले, याबद्दल मला शंका नाही. परंतु आजाराच्या दिवसाला गैरहजेरीच्या दिवसापासून वेगळे काढल्याखेरीज त्या उपायांचा एक भाग मुलांच्याच अंगावर उलटतो. लाल शाईतले ‘ता’ हे अक्षर हजेरीच्या टक्केवारीतून वगळले पाहिजे.

लसीविषयी थोडे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू दरवर्षी रूप पालटतो. नऊ वर्षांखालील मुलाला प्रथमच देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. गर्भवती स्त्रिया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना शासकीय रुग्णालयांतून ती मोफत देण्याचे धोरण आपल्या राज्याने स्वीकारले आहे, आणि तरी आमच्या खेड्यांत ते फारसे कोणाला ठाऊक नसते. शाळेत रोज शंभर मुलांच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या शिक्षकांनी, खिचडी शिजविणाऱ्या बायांनी आणि आशाताईंनी ही लस पावसाळ्यापूर्वी घ्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि साथ जुलैत येते. मध्ये जे तीन-चार आठवडे मिळतात ते आपल्या हातचे आहेत. दोन्ही जिल्ह्यांतल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, पहिल्या पालकसभेत उभे राहून त्यांनी स्पष्ट शब्दांत जाहीर करावे : ताप आलेल्या लेकराची हजेरी कापली जाणार नाही, त्याची खिचडी घरी पोहोचेल, बुडालेली चाचणी पुन्हा घेतली जाईल, आणि शंभर टक्के हजेरीचे बक्षीस यंदापासून दिले जाणार नाही. हे जाहीर करण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत असेल, तर तसा अर्ज आजच पंचायत समितीकडे रवाना करावा.